विजेचा लोळ आणि संगणकाची तार

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हे मराठीभाषी तालुके छिंदवाड्यापासून अलग होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. आज कचेरीचा कारभार संगणकावर चालतो. परंतु जवळपास वीज कोसळली, की तांब्याच्या तारेत उसळणारा दाब क्षणार्धात यंत्र निकामी करू शकतो आणि संत्रा बागाईतदाराचा खसऱ्याचा उतारा अडतो. द्रुतगती तारेवर बसविलेला डायोडांचा संच हा दाब जमिनीकडे वळवितो. त्याची धारकता अल्प असल्याने संदेश बिघडत नाही. मात्र मोठा आघात आधी वायुभरित नलिकेने झेलावा लागतो, आणि अर्थिंग आखूड व पक्के नसेल तर दोन्ही व्यर्थ. संगणकखरेदीतच या अल्पमोली संरक्षणाची तरतूद व्हावी. वळवाच्या विजा दरसाल अनुभवणाऱ्या आपल्या किनारपट्टीनेही ती टाळू नये, असे आम्हांस वाटते.