बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

गेल्या ज्ञानपंचमीला माझा पुतण्या एक तक्ता घेऊन घरी आला. उभ्या रकान्यांत चार शहरे होती : इंदूर, रायपूर, हुबळी आणि कोइमतूर. आडव्या ओळींत घरभाडे, शाळा, इस्पितळ, हवामान, विमानतळ, बाजारपेठ, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरजेत कोइमतूर पहिले आले होते. "काकाजी, आपण आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणे तपासलीत. आता घरचे एवढे एक प्रकरण तपासून द्या," असे म्हणून त्याने तो कागद माझ्यापुढे ठेवला.

त्याचे वय चाळिशीच्या आतले. घरचा कांद्याचा व्यापार तीन पिढ्यांचा. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, घरात सत्तरी ओलांडलेली आई. लासलगाव सोडण्याचा विचार त्याच्या मनात कधीपासून घोळत होता हे मला ठाऊक होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या अवधीत ज्यांचा माल वाटेत होता, त्यांच्या घरांत रात्री दिवे उशिरापर्यंत जळत. एकाच मालावर उभ्या असलेल्या गावाचे काय होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले. त्यामुळे त्याच्या विचाराला भित्रेपणा म्हणण्याची माझी तयारी नव्हती. माझी शंका तक्त्याविषयी होती.

आपल्या बहुतेक घरांची कहाणी स्थलांतराचीच आहे. पाली, नागौर, जोधपूर या भागांतून निघालेली मंडळी नाशिक, नगर, खानदेश या पट्ट्यात कशी पसरली, याविषयी घरोघर दंतकथा आहेत. एक लोटा आणि एक दोरी घेऊन आजोबा निघाले, अशी सुरुवात प्रत्येक कथेत असते, आमच्याही आहे. परंतु त्या लोट्यापलीकडे जाऊन पाहिले, तर त्या लोकांनी गाव निवडण्याची जी रीत ठेवली होती ती फार हिशेबी होती, असे मला वाटते.

प्रथम घरातील एक तरुण मुलगा यायचा. तो स्वतःचे दुकान थाटत नसे. आधीच स्थिरावलेल्या नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राहायचा, तेथेच जेवायचा, ओट्यावर झोपायचा. दोनचार वर्षांत मराठी बोलू लागायचा, कोणत्या गावात कोणते पीक येते, कोणाचा शब्द खरा आणि कोणाचा नाही, हे शिकायचा. मग शेजारच्या एखाद्या लहान गावात भागीत छोटे दुकान. मधून मधून 'देशी' जाणे, लग्न, पुन्हा परत येणे. पत्नी आणि मुले यायची ती फार नंतर, आणि वृद्ध आईवडील पुष्कळदा कधीच येत नसत. आमच्या आजोबांनी लासलगावात पाय ठेवला आणि आजी येथे आल्या, या दोहोंत नऊ वर्षांचे अंतर होते. त्या नऊ वर्षांतील विरहाचे गुणगान मला करावयाचे नाही. आजींनी ते दिवस कसे काढले हे कोणी विचारलेच नाही. पण आधी माणूस, मग व्यापार, मग कुटुंब हा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. हल्ली आपण पहिल्याच दिवशी ट्रक भरून सगळे बिऱ्हाड हलवितो आणि गाव कसे आहे ते नंतर शोधतो.

गाव कोणते, हे ठरविण्यात लोहमार्गाचा वाटा मोठा होता. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्याहून इगतपुरीस, गाडी चढू लागली आणि नाशिक जिल्ह्यातील माल थेट मुंबई बंदरापर्यंत जाऊ लागला. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडली गेली. निफाड, उगाव, लासलगाव, मनमाड ही स्थानके त्या मुख्य मार्गावर आली. चांदवड मात्र बाजूला राहिले. वास्तविक चांदवड हे जुने, मातब्बर गाव. होळकरांचा रंगमहाल तेथे, त्यांची टांकसाळ तेथे, मुंबई-आग्रा रस्ता तेथून जाणारा. त्या काळी कोणी गुणांचा तक्ता केला असता, तर चांदवडला लासलगावच्या दुप्पट गुण मिळाले असते. तरीही धान्याची आणि पुढे कांद्याची मोठी पेठ वसली ती स्थानकाजवळच्या लासलगावात. येथील बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली; आज कांद्याचा भाव म्हटला की देशभर याच गावाचे नाव घेतात. ज्या घरांत कांदा चुलीवर चढत नाही, त्यांतील कित्येक घरे त्याच्या व्यापारावर उभी राहिली, हा आपल्या गावाचा विनोद बाहेरच्यांना सांगून कळत नाही.

पण लोहमार्गाचेही दिवस असतात. माल रेल्वेऐवजी ट्रकने जाऊ लागला, तेव्हा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत पुढे सरसावले. म्हणून गावाची आजची स्थिती पाहून भागत नाही. त्याच्यापाशी येणारा रस्ता उद्या कोठे वळेल, तेही पाहावे लागते. कर्जप्रकरणात आम्ही मागील तीन वर्षांचे ताळेबंद पाहत असू, आणि बुडालेल्या कित्येक खात्यांचे ते ताळेबंद उत्तमच होते.

आणखी एक कसोटी त्या मंडळींजवळ होती, जी पुतण्याच्या तक्त्यात नव्हती. साधू-साध्वींच्या विहाराच्या वाटेवर गाव आहे का? गोचरीला चार घरे मिळतील का? चातुर्मास होऊ शकेल का? ही केवळ श्रद्धेची बाब नव्हती. ज्या गावात चातुर्मास होतो तेथे आसपासची कुटुंबे येतात, सोयरिकी जुळतात, भांडणे मिटतात, कोणाचे कसे चालले आहे ते कळते. शिक्षणाची सोयही याच जाळ्यातून झाली. चांदवड येथील श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ चा. खेड्यांत दुकाने असलेल्या कित्येक बापांना तेथे मुले ठेवता आली, म्हणून त्यांना शाळेसाठी गाव सोडावे लागले नाही. लोहमार्गाने मागे टाकलेल्या चांदवडने हे काम केले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

आपल्या स्थलांतराची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची दुकाने फोडली, खतपत्रे आणि वह्या जाळल्या. ते लोण नगर जिल्ह्यात पसरले. माणसांवर फारसे हात पडले नाहीत. राग कागदांवर होता. कापसाची तेजी ओसरली होती, सारा वाढला होता, आणि कर्जाखाली जमिनी जात होत्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या दंगलींची सगळी जबाबदारी सावकारांवर टाकणे अन्यायाचे होईल, पण आपले काहीच चुकले नाही असे म्हणणेही खरे नव्हे. ज्या गावात आपण फक्त वसुलीपुरते राहतो, ते गाव आपले होत नाही, आणि संकटात ते दार उघडत नाही. पुढच्या पिढ्यांतील पुष्कळांनी शाळांना, पाणपोयांना, दवाखान्यांना हात लावला, ग्रामपंचायतीत बसले, घरात मराठी बोलू लागले. आज मी हा लेख मराठीत लिहितो आहे, तेही त्यातूनच आले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीत दर तीनचार वर्षांनी बदली ठरलेली. नव्वदच्या दशकात बढतीवर दक्षिणेतील एका मोठ्या शहरी गेलो. घर चांगले होते, तिसऱ्या मजल्यावर, बँकेपासून दहा मिनिटांवर. मुलीची शाळा नामांकित. मी सगळे तपासले होते. वडील नुकतेच गेले होते, म्हणून आईलाही सोबत नेले. त्या वेळी इमारतीला लिफ्ट नव्हती आणि स्थानक बस बदलून पाऊण तासावर होते. लासलगावी ती रोज सकाळी व्याख्यानाला चालत जाई, येताना चार घरी थांबे. तेथे खाली उतरायचे म्हटले तरी कोणीतरी सोबत हवे, आणि खाली गेल्यावर बोलायचे कोणाशी? शेजारीण अतिशय भली होती. दोघी एकमेकींकडे पाहून हसत, एवढेच. आईने तक्रार केली नाही. सामायिक, माळ, सूर्यास्तापूर्वी जेवण, सगळे नियमाने चालू होते. केवळ तिचे बोलणे कमी होत गेले, आणि ते माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले. एक दिवस ती म्हणाली, "माझे लासलगावला थोडे काम आहे, तिकीट काढून दे." मी जाण्यायेण्याचे तिकीट काढले. परतीचे तिकीट तिने वापरले नाही. काम काय होते ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

हे सगळे पुतण्याला त्या दिवशी सांगितले नाही. त्याने तपासणी मागितली होती, म्हणून आधी तपासणीचे बोललो.

सध्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी मिळणार नाही. नवी शाखा तारण पुन्हा तपासेल, तेथील साठा पाहील. परराज्यात व्यवसाय करायचा तर वस्तू व सेवा कराची नोंदणी त्या राज्यात वेगळी घ्यावी लागते. सिबिलचा आकडा सोबत येईल. पण येथे केवळ शब्दावर जो माल उचलता येतो आणि आठ दिवस थांबतो, ती पत लासलगावच्या ओट्यावरच राहील. तेथे पहिली दोन वर्षे रोखीने खरेदी आणि उधारीवर विक्री असा उलटा संसार करावा लागेल. तेवढे खेळते भांडवल, घरखर्च वगळून, बाजूला आहे का? त्याने मान हलविली. ती होकारार्थी की नकारार्थी, हे कळले नाही.

मुलीचा प्रश्न अधिक नाजूक होता. तिला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. महाराष्ट्रातील राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. आता आठवीत नेली आणि चार वर्षांनी परत यायचे ठरविले, तर ते दार बंद झालेले असेल. शिवाय तामिळनाडूत २००६ च्या कायद्याने दहावीपर्यंत तमिळ शिकावे लागते. तिसरीतला मुलगा दोन वर्षांत फडफड बोलू लागेल. आठवीतल्या मुलीला मात्र ते जड जाईल. तक्त्यात 'शाळा' या ओळीत कोइमतूरला नऊ गुण होते. ते नऊ गुण कोणत्या मुलासाठी, असे मी विचारले.

व्यापारी म्हणून त्याला एक गोष्ट ठाऊक होती, ती मला नव्हती. तामिळनाडूत सांबारात लहान कांदा पडतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या कांद्याला तेथे बल्लारी म्हणतात. म्हणजे लासलगावचा माल तेथे दुसऱ्याच गावाच्या नावाने विकायचा. हे सांगताना तो हसला, पण जरा वेळ गप्पही बसला.

एवढा वेळ त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काकाजी, या चारही गावांत रात्री मुलाला ताप आला तर मी कोणाचे दार वाजवायचे, याची ओळ कागदात नाही." माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत याहून नेमका शेरा मी कोणत्याही प्रकरणावर मारलेला आठवत नाही. पुतण्याने पेन काढून ती ओळ खाली लिहिली. मग गुण भरू लागला, तेव्हा हुबळीपुढे त्याचा हात थांबला. तेथे त्याच्या मावशीचे घर आहे, वीस वर्षांचे. अमरगोळच्या बाजार आवारात मावसभावाचा गाळा आहे. हे नाते इतके जवळचे होते की तक्ता करताना ते आठवलेच नव्हते.

अखेर ठरले ते असे : अक्षय तृतीयेनंतर तो एकटा हुबळीला जाईल. मावसभावाच्या गाळ्यावर बसेल, पावसाळा आणि खरिपाची आवक तेथेच पाहील. लासलगावचा परवाना आणि गाळा कायम राहतील; थोरला भाऊ सांभाळेल. मुलगी दहावी होईपर्यंत येथून हलणार नाही. आईला विचारले, तेव्हा तिने एवढेच विचारले की तेथे आयंबिलाची ओळी करण्याची सोय आहे का. ते त्याला माहीत नव्हते. पहिल्या आठवड्यात चौकशी करून कळवितो, असे तो म्हणाला आहे.