शॉकअप बदला, रस्ता आपोआप बदलतो!

म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील्स, सीट कव्हर्स... गाडी घेतली की पहिल्या दोन महिन्यांतच आपण या सगळ्यावर पैसे उडवून मोकळे होतो. शॉकॲब्सॉर्बर मात्र कुणाच्याच यादीत नसतात. असतील तरी कसे? ते दिसत नाहीत, चमकत नाहीत आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतलं कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची आठवण करून दिली ती माझ्या बाबांनी.

माझं गाव इस्लापूर. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळ. पुण्याहून नांदेड साधारण साडेचारशे किलोमीटर आणि तिथून पुढे भोकर, हिमायतनगर करत आणखी शंभरएक. बाबांच्या मणक्याचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून त्यांना तपासणीसाठी नांदेडला न्यायचं काम माझ्याकडे आलं. माझी सेकंड हॅण्ड हॅचबॅक, मी आणि मागच्या सीटवर बाबा. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी बाबा फोनवर म्हणाले, ''बाई, गाडी झकास हाय तुझी. पण मागं बसलं की पाळण्यात बसल्यावानी होतंय. मी आपला रेल्वेनंच येतो, तू नांदेडला भेट.''

आदिलाबाद लाइनची गाडी माझ्या कारपेक्षा बरी? इगो दुखावला! पण गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा मेकॅनिकने फक्त बोट दाखवलं. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने माखलेले. ''मॅडम, शॉकअप कधीच संपलेत. गाडी नुसत्या स्प्रिंगवर चाललीय.''

धक्का घेतं कोण?

गंमत म्हणजे 'शॉकॲब्सॉर्बर' हे नावच थोडं फसवं आहे. धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. पण घेतलेला धक्का परत करायची तिला खोड असते. ती दबते, उसळते, पुन्हा दबते. ही उसळी आवरायचं काम शॉकअपचं. आत एक पिस्टन असतो, त्यात बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह. पिस्टन हलला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. तेल अडतं, तापतं आणि गाडीची उसळी उष्णता बनून हवेत जाते. इतका साधा फंडा.

आता आपल्याकडचा रस्ता आठवा. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटा खायला लागतो. खड्डा निदान दिसतो, आपण ब्रेक मारतो. लाट दिसत नाही. ऐंशीच्या स्पीडला गाडी एका लाटेवरून उठते, खाली येते आणि तेवढ्यात दुसरी लाट हजर. शॉकअप संपलेले असतील तर गाडी शांत व्हायलाच तयार नसते. बाबांचा 'पाळणा' हाच.

आणि हा प्रश्न फक्त आरामाचा नाही, बॉस. चाक उसळलं की तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड सुटते. पकड नाही म्हणजे ब्रेक नाही आणि वळणही नाही. भर रस्त्यात म्हैस आडवी आली, तर तुमचं एबीएससुद्धा टायर रस्त्याला टेकलेलं असेल तरच कामाचं.

अपग्रेड म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत. पहिली, कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर हेच सगळ्यात मोठं अपग्रेड! 'गॅब्रिएल' हे नाव प्रत्येक गॅरेजवाल्याच्या तोंडी असतं. ही कंपनी १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली.

दुसरी पायरी गॅसच्या शॉकअपची. साध्या शॉकअपमध्ये तेलासोबत हवा असते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी हाणली की तेलाला फेस येतो आणि पकड ढिली पडते. त्याऐवजी दाबाखाली नायट्रोजन भरला की फेस कमी होतो. स्टिअरिंगला गाडी पटकन उत्तर देते, राइड मात्र किंचित कडक होते.

तिसरी पायरी मोनोट्यूब आणि ॲडजस्टेबल शॉकअपची. मोनोट्यूबमध्ये तेल आणि गॅस एकाच नळीत, पण मध्ये सरकता पडदा. जर्मनीच्या बिल्स्टाइनने हे तंत्र १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आणलं. तेल लवकर थंड होतं, कामगिरी टिकते. घाटात गाडी चालवण्याचं वेड असेल तर मजा आहे. पण मागे म्हातारी माणसं बसणार असतील तर दहा वेळा विचार करा. 'जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं' हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज.

मी पहिल्या पायरीवर थांबले. पुढे आणि मागे, चारही नवे.

यात फसू नका

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग फोटोत कूल दिसतात. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर त्यांचं काय होतं ते विचारू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असावा आणि ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा. तुमच्या गल्लीतला मोजून बघा!

स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफरही जोरात खपतात. त्यांनी गाडी थोडी उचलली जाते, पण स्प्रिंग कडक होते आणि संपलेला शॉकअप संपलेलाच राहतो. जुन्याच शॉकअपमध्ये तेल भरून देणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार करा. आणि गाडीचा मूळ ढाचा बदलण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल अंगाशी येऊ शकतात, इन्शुरन्सचा क्लेम करतानाही.

गॅरेजला जाण्याआधी

* गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. एका उसळीत थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअपवर संशय घ्या.
* शॉकअपच्या नळीवर ओलं तेल आहे का बघा. टायरवर हात फिरवा. उंचसखल झीज लागली तर तीही खूण.
* आधी टायरमधली हवा तपासा. कधी कधी दुखणं तेवढंच असतं.
* शॉकअप जोडीनेच बदला. डावा नवा, उजवा जुना हे चालत नाही.
* सोबत माउंटिंग, बम्प स्टॉप, डस्ट कव्हर बघून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर बुश पिळून लवकर जातात.
* पुढचे स्ट्रट बदलले की व्हील अलाइनमेंट करायलाच हवी.

मागच्या खेपेला इस्लापूरहून निघालो तेव्हा बाबा उशी घेऊन, थोडे सावध होऊनच मागे बसले. रस्ता तोच, लाटा त्याच. गाडी उठायची, बसायची आणि गप्प व्हायची. हिमायतनगर आलं तरी मागून आवाज नाही म्हणून मी आरशात बघितलं. उशी पायाशी पडली होती आणि बाबा चक्क झोपले होते.

पुढच्या तपासणीला रेल्वेचं तिकीट काढायचं नाही, असं आमचं ठरलंय. आणि हो, अलॉय व्हील्स अजून घेतलेले नाहीत.