घरात एकटं असताना काय होतं?

ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये कुठल्याही ऑफिसात वाढदिवसाचा केक कापायची वेळ झाली की कुणीतरी हळूच निसटतं आणि जिन्यात मोबाइल बघत उभं राहतं. ‘जरा माणूसघाणाच आहे,’ म्हणून बाकीचे विषय संपवतात. खरं तर विषय तिथे सुरू होतो, कारण त्या निसटण्यामागे निदान तीन अगदी निराळी कारणं असू शकतात.

एकाला वाटतं, सगळे आपल्याकडेच बघतायत, आता आपल्या तोंडून काहीतरी बावळट निघणार. ही सोशल अँक्झायटी. दुसऱ्याला माणसांची भीती नसतेच. चौघांचं एकदम बोलणं, टाळ्या, कुणाचा तरी परफ्यूम, डोक्यावरचा पांढराफटक उजेड हे सगळं एकाच वेळी आत शिरतं, आणि कधी हसायचं, कधी निघायचं हे इतरांना न शिकवता कळतं ते त्याला मुद्दाम ताडावं लागतं. ही स्वमग्नता, ऑटिझम. तिसऱ्याचं लक्ष भाषणाच्या दुसऱ्याच वाक्याला उडालेलं असतं. तो भलत्या ठिकाणी मधेच बोलतो, सगळे गप्प होतात, आणि तो बाहेर पडतो. हा एडीएचडी.

नजरेला नजर न देणं, हेही तसंच. एकाला पारखलं जाण्याची धास्ती असते. एकाला डोळ्यांत बघत राहिलं तर बोलणं ऐकू येईनासं होतं. एकाची नजर पंख्यावर गेलेली असते, इतकंच. समोरच्याला मात्र तिन्ही वेळा ‘उद्धट आहे’ हेच दिसतं.

मग तज्ज्ञ ओळखतात कसं? मला सगळ्यात चकित करणारा प्रश्न अगदी साधा आहे: घरात एकटे असताना काय होतं? बघणारं कुणी नसलं की सोशल अँक्झायटी बरीचशी निवते. (पूर्ण नाही. काल मीटिंगमध्ये काय बोललो याची उजळणी रात्री दोनपर्यंत चालू शकते.) एडीएचडी मात्र रिकाम्या फ्लॅटमध्येही गॅसवर दूध विसरतो आणि लाइटबिलाची तारीख चुकवतो. आणि स्वमग्न माणसाला एकटेपणीही कॉलरचं लेबल टोचतंच, शेजारचं ड्रिलिंग सोसत नाहीच.

दुसरा प्रश्न वयाचा. स्वमग्नतेच्या खुणा अगदी लहानपणापासूनच्या लागतात, एडीएचडीची लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि सोशल अँक्झायटी बहुधा पौगंडावस्थेत डोकं वर काढते. म्हणून पस्तिशीतल्या इंजिनियरला आईला सोबत घेऊन यायला सांगतात, माळ्यावरची प्रगतिपुस्तकं शोधायला लावतात. ‘हुशार आहे, पण धांदरट’ हा बाईंचा शेरा तीस वर्षांनी पुरावा ठरतो.

इथवर सगळं छान वेगळं काढता येतं. पण माणसं अशी वेगवेगळ्या डब्यांत बसत नाहीत. 2019 साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे 28 टक्क्यांना एडीएचडी आणि 20 टक्क्यांना अँक्झायटीचा कुठला ना कुठला विकार आढळला. गंमत म्हणजे 2013 पर्यंत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनुसार, म्हणजे डीएसएमनुसार, स्वमग्नतेचं निदान झालेल्याला एडीएचडीचं निदान देताच येत नसे. पाचव्या आवृत्तीने ती अट काढली. आज चाळिशीत असलेल्यांच्या बालपणाची बरीच वर्षं त्या जुन्या नियमाखाली गेली.

दोन्ही एकत्र नांदतात तेव्हा तर कमालच. स्वमग्नतेला ठरलेलं हवं, एडीएचडीला नवं. खारघरहून रोज त्याच लोकलच्या त्याच डब्यात, शक्यतो त्याच खिडकीशी बसणारा माणूस घ्या. त्याला तो क्रम मनापासून आवडतो, की क्रम मोडला तर पाकीट, पास, डबा यांतलं काहीतरी घरी राहील म्हणून त्याने तो बेतलाय? बाहेरून सांगता येत नाही. कधीकधी त्याला स्वतःलाही नाही. नीटनेटकेपणा विसराळूपणाला झाकतो, धांदल नीटनेटकेपणाला झाकते, आणि दोन्ही अर्धवट दिसल्याने निदान कशाचंच होत नाही. एडीएचडीचं औषध सुरू झाल्यावर डोक्यातला गलका थांबला आणि मग आवाजांचा त्रास, ठरलेल्या गोष्टींचा हट्ट जास्त जाणवू लागला, असं सांगणारे बरेच जण भेटतात.

आणि सोशल अँक्झायटी? ती पुष्कळदा उपरी नसते, वर्षानुवर्षांच्या अनुभवातून कमावलेली असते. ‘मधे बोलू नकोस’, ‘असं काय बघतोस’, ‘पाहुण्यांसमोर नीट वाग’ हे वीस वर्षं ऐकलेल्याला लोकांची भीती वाटली, तर त्यात नवल ते काय? भीती खरीच असते, पण ती तिसरी पाहुणी. आधीच्या दोघी दार उघडून देतात. डॉक्टरांपुढे मात्र तीच पहिली बोलते.

मुळात काय आहे, यावर उपचार बदलतात. सोशल अँक्झायटीत भीतीला थोडंथोडं सामोरं जाण्याचा सराव उपयोगी पडतो. पण वाशीच्या पुलावर खच्चून भरलेल्या डब्यातला गोंगाट ज्याला शब्दशः दुखतो, त्याला ‘होईल सवय’ म्हणून रोज त्यात ढकललं तर सवयीऐवजी थकवाच साचण्याची शक्यता जास्त.

नवी मुंबईत या वाटेवर मदतीची ठिकाणं आहेत: वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र. घरून बोलायचं असेल तर 14416 हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक, आणि तिथे मराठीत बोलता येतं. कायद्याची रेघ मात्र अजून मधूनच जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव नाही. एकाच डोक्यात दोन्ही घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळालंच, तर ते त्याच्या एका नावाचंच असतं.