गडद भिंत कोणती, फिकट कोणत्या? आधी हॉलचा उजेड पाहा

ईद जवळ आली की घराला रंग काढायचा विषय निघतोच. मुलांना एक भिंत गडद निळी नाहीतर बाटली हिरवी हवी असते, अम्मीला सगळीकडे क्रीम. दोन्ही जमतं. ती एक गडद भिंत कोणती, एवढं नीट ठरवायला हवं.

मुंब्रा, मीरा रोडकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये हॉलला एकच खिडकी असते आणि खिडकीबाहेर शेजारची बिल्डिंग. जो काही उजेड आत येतो तो समोरच्या भिंतीवर पडून खोलीभर पसरतो. तीच भिंत गडद केली तर उजेड तिथेच मुरतो आणि भर दुपारी लाइट लावावा लागतो. खिडकीचीच भिंत गडद केली तर खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. म्हणून गडद रंग बाजूच्या भिंतीला, शक्यतो सोफ्यामागे द्यावा. बाकी तीन भिंती आणि छत फिकट ठेवावं. घरात ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज होते, तिथे भडक डिझाइन नकोच.

शेड कार्डवरचा इवलासा चौकोन पाहून ऑर्डर देऊ नका. तोच रंग पूर्ण भिंतीवर जास्त उठून दिसतो. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून जाड पुठ्ठ्यावर दोन-दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा. जुन्या रंगाला खेटून नवा रंग डोळ्यांना फसवतो, म्हणून ही पट्टी. पुठ्ठा वाळला की त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री पाहा. पिवळ्या एलईडीत निळा मळकट वाटू शकतो. मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे एवढा एक दिवस थांबलेलं बरं.

भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा. गडद रंगावर क्षाराचे पांढरे डाग लगेच दिसतात. लहान मुलं असतील तर धुता येणारा रंग घ्या. फक्त चकाकी जास्त असली की पुट्टीचे उंचसखलपणही दिसतं.

आणखी एक गोष्ट. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ साली झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. जुन्या इमारतीत तो रंग कोरडा घासू देऊ नका, भिंत ओली करूनच घासायला सांगा. काम चालू असताना मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही दुसरीकडे पाठवा.