बॅकअप झाला, पण परत येतो का?

2021 च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली होती आणि निगडी पोलिसांत गेलेल्या तक्रारीत नुकसानीचा आकडा 5 कोटींचा होता. तरीही भोसरी-चाकणच्या लहान शेडमध्ये ‘आमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय?’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. चोरण्यासारखं नसेलही. पण टॅलीचा डेटा, सीएनसीचे प्रोग्रॅम, गिऱ्हाइकाची ड्रॉइंग आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट एका रात्रीत बंद झाले, तर दुसऱ्या दिवशी माल कशाच्या आधारावर पाठवणार? खंडणीखोराला तुमचा डेटा विकायचा नसतो, तुम्हालाच परत विकायचा असतो.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे, ‘सगळं ड्राइव्हवर जातंच की.’ जातं, पण ते सिंक असतं. इकडची फाइल बिघडली की बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेनं वर जाते. जुन्या आवृत्त्या ठरावीक काळच टिकतात. बॅकअप म्हणजे मागच्या तारखांच्या वेगळ्या, न बदलणाऱ्या प्रती.

‘क्लाउडवाले एन्क्रिप्ट करतातच’ हे मात्र अर्धं खरं आहे. अ‍ॅमेझॉनच्या एस-3 मध्ये जानेवारी 2023 पासून प्रत्येक नवी फाइल आपोआप कूटबद्ध होते. पण ती उघडण्याची किल्ली त्यांच्याकडं असते. तुमचं लॉगिन ज्याच्या हाती लागेल, त्याला फाइल उघडीच मिळते. म्हणून कूटबद्ध करायचं ते शॉपमधून बाहेर पडण्याआधी. रेस्टिकसारखं मोफत साधन हे काम तुमच्याच मशीनवर, एईएस-256 पद्धतीनं करतं. कॉम्प्युटर संथ होईल ही भीती जुनी झाली. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी स्वतंत्र सूचना असतात. खरा धोका पासवर्डचा आहे. तो फक्त त्याच सर्व्हरवर असेल आणि सर्व्हरच गेला, तर क्लाउडमधली प्रत तुम्हालाही उघडता येणार नाही, आणि कुठलीही कंपनी तो काढून देऊ शकत नाही. कागदावर लिहून एक प्रत घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली बरी.

आता बॅकअपच्या स्क्रिप्टकडं वळू, कारण सगळ्यात घातक गैरसमज इथं आहे: ‘एरर आली नाही, म्हणजे बॅकअप झाला.’ ईआरपीचा डेटाबेस डम्प करायचा, तो जीझिपमधून दाबायचा, पुढं जीपीजीनं कूटबद्ध करायचा, अशी तीन कामं एकाच ओळीत पाइपनं जोडलेली असतात. स्क्रिप्ट चालवणारा बॅश निकाल बघतो तो शेवटच्या कामाचा. डेटाबेसचा पासवर्ड कुणी बदलला आणि डम्प पहिल्याच पायरीवर फसला, तरी जीझिप रिकाम्या हातानं 20 बाइटची फाइल बनवतो, जीपीजी तिला इमानेइतबारे कुलूप लावतो आणि स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणून संपते. कूटबद्ध फाइलच्या आत डोकावता येत नसल्यानं ती रोज भरल्यासारखी मिरवते. उपाय एका ओळीचा आहे, सुरुवातीला ‘पाइपफेल’ हा पर्याय लावायचा. शिवाय फाइलचा आकार कालच्यापेक्षा एकदम घटला तर मेल यावा, एवढी सोय हवी.

त्याच स्क्रिप्टमध्ये क्लाउडच्या खात्यात शिरायची किल्ली असते, आणि बहुतेकदा तिला पुसण्याचाही अधिकार दिलेला असतो. सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस आधी बॅकअपच शोधतो. म्हणून पुसण्याचा अधिकार नसलेली किल्ली घ्या आणि ऑब्जेक्ट लॉक लावून ठरावीक दिवस प्रत पुसताच येणार नाही, असं करा.

‘क्लाउड कुठलाही चालतो’ असंही समजू नका. ऑगस्ट 2022 च्या नियमबदलानुसार, कंपनीनं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज जायला हवा. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. अ‍ॅमेझॉनचं केंद्र मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यातच. तेव्हा अडचण नाही, खातं उघडताना ठिकाण नीट निवडायचं एवढंच.

‘आमच्या नेटवर एवढा डेटा चढणारच नाही’ हा हिशेब पहिल्या वेळेपुरताच खरा. 200 जीबी डेटा सेकंदाला 20 मेगाबिट अपलोडनं चढायला साधारण 22 तास लागतात. पुढं रोज फक्त बदललेला भाग जातो. आपल्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असतेच, बुधवारी रात्री सुरू करा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असणार का, ते मात्र आधी विचारून ठेवा.

वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांना आयएटीएफ 16949 च्या ऑडिटमध्ये सायबर हल्ल्याची आपत्कालीन योजना दाखवावी लागते, तिची चाचणी वेळोवेळी आणि तिचा आढावा वर्षातून किमान एकदा घ्यावा लागतो. फाइलमध्ये लावलेला कागद ही चाचणी नव्हे. येत्या गुरुवारी एखाद्या रिकाम्या कॉम्प्युटरवर, लॉकरमधला पासवर्ड वापरून, गेल्या महिन्याचा टॅलीचा डेटा क्लाउडवरून उतरवा आणि एखाद्या पार्टीचं लेजर उघडून बघा. उघडलं नाही, तर शुक्रवारची पहिली पाळी लागण्याआधी स्क्रिप्ट दुरुस्त करून घ्या.