टाकीतली नळी

कांदिवलीत एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी ते जवळून पाहिलं. तेव्हापासून आमच्या संपादकांचा एकच धोशा होता: माणूस घरी विमान बांधतो म्हणजे नेमकं काय करतो, ते कुणीतरी जाऊन बघा. मी लेकीकडं अमेरिकेत, विस्कॉन्सिनला निघाले तेव्हा हे काम माझ्या वाट्याला आलं. लेकीच्या घरापासून तासाभरावर एक निवृत्त सुतारकाम शिक्षक राहतात. वय एकाहत्तर. त्यांची मोटार बारमाही अंगणात उभी असते, कारण गॅरेजमध्ये चौदा वर्षं विमान आहे.

विमान ‘पिट्स स्पेशल’. दोन मजली पंखांचं, एकाच माणसाचं, आकाशात कोलांट्या घेण्यासाठी जन्मलेलं. दुसरं महायुद्ध संपता संपता फ्लोरिडात कर्टिस पिट्स यांनी पहिलं बांधलं. कसरतीची विमानं तेव्हा मोठी आणि जड असत. पिट्सनी लहान आणि हलकं करायचं धरलं. पंख आखूड, पण दोन जोड्या, आणि पोलादी तारांनी एकमेकांना ताणून बांधलेले, त्यामुळं विमान झटक्यात गिरकी घेतं. कसरतपटू वैमानिक बेटी स्केल्टन यांचं ‘लिटल स्टिंकर’ हे पिट्स आज वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयात उलटं टांगलेलं आहे. १९७२ साली फ्रान्समध्ये चार्ली हिलार्ड हवाई कसरतींचे जागतिक विजेते ठरले, तेही पिट्सवरच. त्याआधीच पिट्सनी आराखडे विकायला काढले आणि गॅरेजा-गॅरेजांत विमानं उभी राहू लागली. पंखांचा पल्ला जेमतेम सव्वापाच मीटर. रिकामं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. दोन बुलेट मोटरसायकली एकत्र ठेवल्या तर त्याच जड भरतील.

मी गेले तेव्हा पंखाची शिवण चालली होती. पंख कडेवर उभा केलेला. अलीकडं शिक्षक, पलीकडं त्यांच्या पत्नी. आत स्प्रूस लाकडाच्या फासळ्या, वर पॉलिएस्टरचं कापड. ते आधी चिकटवायचं, मग त्यावरून गरम इस्त्री फिरवायची. सुरकुत्या माझ्यासमोर मिटल्या आणि बोटानं टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. पण उडताना पंखावरची हवा कापड वर ओढते, नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून प्रत्येक फासळीला ते शिवायचं. वीतभर लांब सुई त्यांनी फासळीच्या एका अंगानं आरपार घातली, बाईंनी ती दुसऱ्या अंगानं परत पाठवली, मेणाचा दोरा ओढला, गाठ मारली आणि ती कापडाच्या आत सरकवली. माझी आजी गोधडीला टाका घालायची तसा एकेक टाका, सारख्या अंतरावर. विमानाच्या पंख्याचा झोत जिथं बसतो तिथं टाके आणखी जवळ. दुपारभरात दोघं एकमेकांशी दहा शब्दही बोलली नसतील.

सांगाडा क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचा. प्रत्येक नळीचं टोक कानशीनं माशाच्या आ वासलेल्या तोंडासारखं घासायचं, म्हणजे ते दुसऱ्या नळीवर फट न ठेवता बसतं. मग वेल्डिंग. वेल्डिंग झाल्यावर नळीत जवसाचं तेल फिरवून काढायचं, आतून गंज चढू नये म्हणून. जवस इथं भेटेल असं मला वाटलं नव्हतं. सांधा निवताना मात्र धातू आकसतो आणि सांगाडा आपल्याकडं ओढतो. एकदा शेपटीकडचा भाग सहा मिलिमीटर डावीकडं गेला. बघणाऱ्याला दिसलाही नसता. त्यांनी तो कापून टाकला आणि नव्यानं जोडला. आठ महिने गेले.

“दिसलं नसतं, पण विमानाला कळलं असतं,” ते म्हणाले.

त्यांच्यावरची खरी बिकट वेळ मात्र अजून यायचीच आहे. शेपटीचं चाक जमिनीला टेकलं की पिट्सचं नाक वर असतं. समोरची धावपट्टी दिसतच नाही. दोन्ही कडांकडं बघत उतरावं लागतं. अंग इतकं आखूड की पाय जरा चुकला की ते जागच्या जागी गर्रकन फिरतं. आणि जागा एकच. शेजारी बसून शिकवायला कुणी नाही. दोन आसनी पिट्सवर धडे घेता येतात, पण स्वतःच्या विमानातलं पहिलं उड्डाण एकट्याचं. तपासनीस परवाना देतो, मग ठरवून दिलेल्या हद्दीत पंचवीस ते चाळीस तास चाचणी. मी बाईंकडं पाहिलं. त्या दोऱ्याला मेण लावत होत्या. मला स्वतःला भीती वाटली, अजूनही वाटते.

त्या दिवशी अडलं होतं वेगळंच. विमान उलटं झालं की पेट्रोल टाकीच्या छताकडं जातं आणि इंजिन उपाशी मरतं. म्हणून टाकीत एक लवचीक नळी लोंबती असते, टोकाला वजन बांधलेली. पेट्रोल जिकडं, वजन तिकडं, नळीचं तोंड तिकडं. इतकी साधी युक्ती. पण ही नळी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी बसवली होती. सकाळी टाकी हलवून बघितली, तर आतून आवाजच आला नाही. नळी उघडून बाहेर काढली. बोटांनी वाकवली, ती वाकलेलीच राहिली. रबर ताठलं होतं. एकदाही न उडता.

बाकी विमान बांधेपर्यंत आणखी काय काय म्हातारं झालं असेल, या धास्तीनं त्यांनी लगेच सगळ्या रबरी नळ्यांची यादी केली होती. दोन पानं भरली होती.

नवी नळी बसवून त्यांनी मोकळी टाकी कानाशी धरली, सावकाश उलटी केली. मग माझ्या हातात दिली. “तुम्ही करा.”

मी उलटी केली. आतून टक् असा आवाज आला. सुलटी केली. पुन्हा टक्. पंखाच्या पलीकडून बाईंनी हाक मारली, सुई आरपार येऊन थांबली होती.