देवाचा दरबार, मिशनचं रजिस्टर

माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढणाऱ्याला कुणी विचारत नाही, की तुमचं नाव कुठल्या वहीत आहे. दत्त कोल्हापूरला भिक्षा मागतो आणि झोपायला माहूरला येतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या झोपलेल्या देवाला उठवण्यासाठीही सभासदत्व लागत नाही. रेणुका, दत्तशिखर, अनसूया, महानुभावांचं देवदेवेश्वर आणि वाटलंच तर सोनापीरचा दर्गा, एवढं एका फेरीत करून खाली उतरणारी माणसं इथे नवी नाहीत. संस्थान आहे, ट्रस्ट आहे, पुजाऱ्यांचे मान आहेत. पण भक्ताचं देवीशी काय चाललंय, हे संस्थानाच्या दप्तरात येत नाही.

म्हणून ख्रिस्ती माणसाला पडणारा एक पेच आपल्याला चटकन कळत नाही. ख्रिस्तावर श्रद्धा आहे, रोज प्रार्थना आहे, पण चर्चमध्ये जायचं नाही, पाळकाचं ऐकायचं नाही, तर तो ख्रिस्ती की नाही? तिथे बाप्तिस्मा आहे, त्याची नोंद आहे, प्रभुभोजनाला कोण बसू शकतो याचे नियम आहेत. आत आणि बाहेर अशी रेघ आहे.

गंमत अशी, की मराठी बायबलमध्ये चर्चसाठी जो शब्द आहे तो आहे ‘मंडळी’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली माणसं असाच, त्यामुळे भाषांतर अगदी चपखल. इंग्रजीत इमारत आणि माणसं दोन्हींना एकच शब्द पुरतो. मराठीत इमारत म्हणजे चर्च आणि माणसं म्हणजे मंडळी. ज्या भाषेत नवरा बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणतो, तिथे हा शब्द फार घरगुती आहे. आणि घरातले वाद घरगुती शब्दातच होतात.

या वादाची सगळ्यात ठसठशीत कागदपत्रं एका मराठी बाईनं लिहिली. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, लहानग्या मुलीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक. पण त्रैक्य, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार या सगळ्यावर रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि पत्रं लांबत गेली. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. क्रॉसवरचा मजकूर लॅटिनमध्ये असावा हेही रमाबाईंना पटेना. लॅटिनला जे पावित्र्य, ते आपल्या संस्कृतला का नाही, असा त्यांचा रोख होता. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरीच्या जोखडात मान द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला दरवेळी सिस्टर जेराल्डिनचीही थोडी कीव येते. शिष्या शास्त्री घरातली असेल, तर गुरूचे हाल ठरलेले.

पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्त या दोन गोष्टींमधलं अंतर वर्षांत मोजून दाखवलं. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनी, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे वाँटेजचा बाप्तिस्मा, विधवांसाठीच्या शारदा सदनाची १८८९ मधली स्थापना, हे सगळं मधल्या काळातलं. रजिस्टरमधली तारीख एक, मनातली दुसरी.

आपल्याकडे अशी रेघच नव्हती, असं मात्र समजू नये. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली, चहाचे कप पुढे आले, काही जण चहा प्यायले. त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आपल्या इथे सभासदत्वाचा अर्ज भरावा लागत नाही, कारण तो जन्मतःच भरलेला असतो आणि त्याला जात म्हणतात. देवीच्या पायऱ्यांवर जे कुणी विचारत नाही, ते पंगतीला नक्की विचारलं जायचं.

हे सगळं ज्यांनी दोन्ही बाजूंनी सोसलं, ते नारायण वामन टिळक. कोकणात करजगावी जन्मलेला हा संस्कृतज्ञ कवी. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला. तो वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना तो धक्का होता. त्या पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला आठवेल की त्यांच्या मनातून आधी जात गळून पडली, बाप्तिस्मा नंतर झाला.

टिळकांची ख्रिस्तभक्ती अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत वाढली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात ते लिहीत, मिशनचं काम करीत. पण ख्रिस्ताकडे आपण तुकोबाच्या पुलावरून आलो, असं मानणाऱ्या माणसाला पाश्चात्त्य चालीची उपासना, साहेबाच्या हातातला कारभार आणि मिशनच्या पगारावर उभी असलेली मंडळी हे फार काळ मानवणारं नव्हतं. अभंग, ओवी, कीर्तन ही त्यांची साधनं. येशूला त्यांनी आईच्या जवळिकीनं हाक मारली. पगार घेऊन भक्ती करता येते की नाही, हा प्रश्न वारकऱ्याला नवा नसतो. टिळकांनी तो मिशनच्या आवारात नेला.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. घरात बायकामुलं असताना संन्यास, हे लक्ष्मीबाईंना कसं वाटलं असेल, ते सोडून देऊ. दरबाराची खरी धीट गोष्ट त्याच्या दारात होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून इथे एकत्र बसणार होते. म्हणजे बरोबर त्या रेघेवरच टिळकांनी सतरंजी अंथरली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले, आणि दरबारही फार दिवस टिकला नाही. पैसा नाही, वारस नाही, घटना नाही, पुढचा पाळक नेमायची रीत नाही. थोडक्यात सांगायचं तर, दरबार त्यांच्या एकट्याभोवती उभा होता. याच्या उलट रमाबाईंचं. चर्चच्या अधिकाराशी इतकी भांडलेली ही बाई, पण केडगावचं मुक्ती मिशन तिनं शेतं, विहिरी, शाळा आणि छापखान्यासकट उभं केलं. स्वतःचं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं. १९२२ साली त्या गेल्या, मुक्ती मिशन आजही आहे. संघटनेचा राग येणं वेगळं आणि संघटना बांधता येणं वेगळं. रमाबाईंकडे दोन्ही होतं.

टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यांच्याबरोबर १९२७ साली एक तरुण पाद्री पुण्याला आला, व्हेरिअर एल्विन. तो पुढे मंडला भागातल्या गोंडांमध्ये राहायला गेला. आपल्या किनवट-माहूरच्या जंगलपट्टीतल्या गोंडांचेच ते भाऊबंद. लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी आपण इथे नाही, ही एल्विनची भूमिका. नागपूरच्या बिशपांनी त्याला पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना दिला नाही. १९३५ मध्ये एल्विननं चर्चच सोडलं. टिळकांनी रेघेवर सतरंजी टाकली होती. एल्विन रेघ ओलांडून निघून गेला.

बाहेरच्या जगातही श्रद्धा आणि संघटनेच्या या गाठी अशाच पडल्यात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर लोकांनी पाद्री काढून टाकला, बाप्तिस्मा काढून टाकला, नुसतं शांत बसून देवाची वाट पाहायची म्हणाले. पण बैठकीची वेळ कुणी तरी ठरवायला हवी, लग्नाची नोंद कुणी तरी ठेवायला हवी. क्वेकरांच्या इतिवृत्तांच्या वह्या आज इतिहासकारांना सोन्यासारख्या वाटतात. आपल्याकडे वाराणसीच्या मातृधाम आश्रमाभोवती ‘ख्रिस्तभक्त’ आहेत. येशूची भक्ती करतात, बहुतेकांचा बाप्तिस्मा नाही.

बाप्तिस्मा न घेण्यामागे भारतात एक साधं सरकारी कारणही असू शकतं, आणि ते मराठवाड्यातल्या दलित वस्तीत सहज समजेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे चर्चच्या रजिस्टरात नाव चढलं, की तहसीलच्या दाखल्यावरून जात उतरते. मनात येशू असलेल्या माणसाला मग हिशेब करावा लागतो: मुलाची फी, वसतिगृह, नोकरी. त्याला कुणी ढोंगी म्हटलं तर मी तरी मान डोलावणार नाही. वैयक्तिक श्रद्धा आणि संघटित धर्म यांच्यामध्ये कधी पाद्री उभा असतो, कधी तलाठी.

आणि ज्या चर्चच्या आत-बाहेरचा हा हिशेब, ते चर्च स्वतःही काही एकसंध वस्तू नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळे पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यामागे बोलण्यांची अनेक वर्षं होती.

दरबार मोडल्यावर टिळकांचं एक काम अर्धवट राहिलं होतं, ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य. थोडेच अध्याय झाले होते. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईनं पाच वर्षं नवऱ्याचा धर्म घ्यायला नकार दिला, तिनं. आणि टिळकांची भजनं? ती मंडळीच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात गेली. दर रविवारी पेटी आणि तबल्यावर ती म्हटली जातात, बहुधा अशा माणसांकडून, ज्यांची नावं रजिस्टरात नीट लिहिलेली आहेत.